जळवा कशा सांभाळाव्यात, कशा लावाव्यात: सुश्रुताची रीत आणि सोलापूरचे हवापाणी

जळू लागतच नाही. लागली तर दोन मिनिटांत सुटते. किंवा अर्धवट पिऊन मान टाकते आणि दुसऱ्या दिवशी मेलेली सापडते. या तिन्ही तक्रारींचे मूळ रुग्णाच्या कातडीत क्वचितच असते. ते चार दिवस आधी, रांजणात असते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला १३ वा अध्याय जळूवर आहे आणि त्यातला बराच मोठा भाग जळू निवडणे, धरणे, ठेवणे आणि भांडे बदलणे यांवरच आहे. वाचताना आपण तो भाग उरकतो आणि थेट लावण्याच्या विधीकडे जातो, तिथेच काम बिघडते.

ही माहिती आयुर्वेदाची पदवी आणि नोंदणी असलेल्या वैद्यांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी आहे. शेताकडच्या ओढ्यातली जळू आणून घरी गुडघ्याला चिकटवण्याचा उद्योग कोणीही करू नये. ज्यांना जळू लावून घ्यायची आहे त्यांनी हे जरूर वाचावे, म्हणजे दवाखान्यात काय विचारायचे ते कळेल.

जळू, शिंग, तुंबडी की शीर?

सुश्रुतसंहितेतल्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात वाटणी स्पष्ट आहे. खोलवर साचलेल्या रक्ताला जळू, एका जागी गोठून गाठाळलेल्या रक्ताला प्रच्छान म्हणजे आपल्याकडच्या फासण्या, सगळ्या अंगभर पसरलेल्याला सिरावेध म्हणजे शीर तोडणे, आणि कातडीतल्या रक्ताला शिंग किंवा तुंबडी. दोषांचा हिशेब वेगळा: वाताला शिंग, पित्ताला जळू, कफाला तुंबडी.

शिंग आणि तुंबडीची मापे अष्टांगहृदय लिहिणाऱ्या वाग्भटाने दिली आहेत. शिंग १८ अंगुळे लांब, तोंड ३ अंगुळांचे आणि टोकाला मोहरी जाईल एवढे भोक. अंगूळ साधारण पाऊण इंचाचे धरले तर शिंग फूटभराहून थोडे लांब होते. त्या भोकातून वैद्य तोंडाने हवा ओढतो. तुंबडी १२ अंगुळे लांब, १८ अंगुळे घेराची, तोंड ३ ते ४ अंगुळांचे. तिच्यात आत जळता दिवा धरतात; आच विझून हवा निवली की कातडी आत खेचली जाते. गंमत अशी की इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस या वैद्यकावर लिहिणाऱ्या ग्रंथकारानेही हीच जोडी सांगितली आहे: काशाचे भांडे पेटत्या वातीने लावायचे, आणि शिंग टोकाच्या भोकातून चोखून ते भोक मेणाने बुजवायचे. दोन्हीकडचे भौतिकशास्त्र एकच, आणि दोन्हीकडची मोठी चूकही एकच असणार: आच जास्त झाली की रक्ताऐवजी फोड येतो.

शीर तोडण्याबद्दल सेल्ससची एक सूचना कोणत्याही काळात खरी आहे. हात भीत भीत चालवला तर नुसती वरची कातडी फाटते, शीर उघडत नाही. जोरात चालवला तर शेजारची धमनी किंवा स्नायुबंध कापला जातो. सुश्रुताने सिरावेधात रक्त काढण्याची वरची हद्द एक प्रस्थ सांगितली आहे, तीही धडधाकट, तरण्या आणि दोष फार वाढलेल्या रुग्णासाठी. वमन (ओकवणे), विरेचन (जुलाब देणे) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणे) यांत प्रस्थ हे जुने माप साडेतेरा पळांचे धरतात. पळ ४० ग्रॅमचा घ्या की ४८ चा, हिशेब साधारण ५४० ते ६५० मिलिलिटरच्या घरात जातो. रक्तपेढी एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेते, यावरून तो आकडा किती मोठा आहे ते कळावे. जळू या सगळ्यांत सौम्य. एक जळू ५ ते १५ मिलिलिटर पिते आणि नंतर जखमेतून जवळपास तेवढेच किंवा त्याहून जास्त झिरपते. सुश्रुताने ती राजे, श्रीमंत, लहान मुले, म्हातारे, भित्रे, दुबळे, स्त्रिया आणि सुकुमार यांच्यासाठी सांगितली ती याच सौम्यपणामुळे. यादी मात्र आजच्या नजरेने गाळून घ्यावी लागते, ते पुढे येईल.

जळू दूषित रक्तच आधी पिते, हंस जसे पाण्यातून दूध वेगळे करतो तसे, असे वाग्भटाने म्हटले आहे. उपमा देखणी आहे, पण रुग्णाला हे शास्त्र म्हणून सांगू नये. जखमेतून काळपट रक्त दिसते ते शिरेतले, कमी प्राणवायूचे रक्त असते. जळूचे खरे काम तिच्या लाळेत आहे. १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्टने दाखवले की जळूच्या स्रावाने रक्त गोठत नाही. त्या द्रव्याला पुढे हिरुडिन नाव मिळाले. प्लास्टिक सर्जरीत जोडलेल्या बोटात किंवा कातडीच्या तुकड्यात शिरेचे रक्त तुंबते तेव्हा आजही जळू लावतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये तिला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली आहे.

जळू निवडताना

सुश्रुताने बारा जाती मोजल्या, सहा सविष आणि सहा निर्विष. निर्विषांत कपिला, पिंगला, शंकुमुखी, मूषिका, पुंडरीकमुखी आणि सावरिका. कपिलेचे वर्णन लक्षात ठेवण्यासारखे आहे: पाठ तुकतुकीत मुगाच्या रंगाची, दोन्ही कडा मनशिळेने रंगवल्यासारख्या नारिंगी. आपल्याकडची मोठी गुरांची जळू समोर ठेवून हे वाचले की ग्रंथकाराने जळू हातात धरून लिहिले आहे याची खात्री पटते.

सविष जळवा ओळखायच्या खुणा: काजळासारखी काळी आणि रुंद डोक्याची, अंगावर केस असल्यासारखी, इंद्रधनुष्यासारख्या उभ्या रेघांची. अशी जळू चावली तर सूज, अतोनात खाज, दाह, ताप, ओकारी, मूर्च्छा ही लक्षणे ग्रंथात दिली आहेत. हे विष की जंतुसंसर्ग की ॲलर्जी, हा वाद बाजूला ठेवला तरी नियम कामाचा आहे. कुजके मासे, बेडकांची घाण, सडलेले पाणी अशा ठिकाणची जळू नको. कमळे आणि शेवाळ असलेल्या स्वच्छ पाण्यातली हवी. म्हणून सिद्धेश्वर तलाव असो की संभाजी तलाव, शहराच्या पोटातल्या, सांडपाणी मिसळण्याची शक्यता असलेल्या कोणत्याही पाण्यातली जळू धरू नये. जळवा पाळून विकणाऱ्या खात्रीच्या पुरवठादाराकडून, उपाशी ठेवलेल्या घ्याव्यात. ग्रंथात त्या धरण्याची रीत ओल्या कातड्याची आहे. कातडे पाण्यात धरले की त्या आपणहून चिकटतात.

मधे फुगलेली, सुस्त, नीट न चिकटणारी आणि कमी पिणारी जळू नाकारावी, असे सुश्रुत सांगतो. पारख सोपी आहे. भांड्यात बोट घालून पाणी हलवा. भुकेली जळू लाटेच्या दिशेने पोहत येते. तळाशी गोळा होऊन बसून राहणारी एक तर आजारी असते किंवा जेवलेली. जेवलेली जळू काही केल्या तोंड लावत नाही, आणि तिची भूक परतायला महिने लागतात.

रांजण

भांडे मातीचेच घ्यावे. सुश्रुताने नवा मोठा घट सांगितला आहे आणि सोलापुरात त्याचे कारण एप्रिलमध्ये आपोआप कळते. पारा ४२-४३ वर गेला की प्लास्टिकच्या टबातले पाणी दुपारपर्यंत कोमट होते आणि जळवा शेवाळासारख्या लोंबू लागतात. रांजण पाझरतो, बाहेरचे पाणी सुकते आणि आतले गार राहते. तो खोलीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, ओल्या वाळूच्या थरावर ठेवा. मेमध्ये भोवती ओले पोते गुंडाळा. पाणी २८ अंशांच्या वर जाऊ देऊ नका; साध्या थर्मामीटरने दुपारी तीनला मोजा, सकाळच्या आकड्याला काही अर्थ नाही. तांब्याची घागर किंवा हंडा मुळीच नको. तांबे पाण्यात उतरते आणि ते जळवांना घातक आहे.

पाणी हा दुसरा प्रश्न. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते जळवांना सोसत नाही. इथे मात्र सोलापूरकरांची एक गैरसोय कामाला येते. पाणी रोज येत नसल्याने घरोघरी ते भरून ठेवलेले असतेच. पसरट, उघड्या भांड्यात किमान २४ तास ठेवलेले पाणी घ्या. झाकण लावलेल्या टाकीत ठेवले तर क्लोरीन नीट उडत नाही. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी थेट ओतू नका. बोअरचे मचूळ पाणी टाळा. आरओचे पाणीही नुसते वापरू नका; त्यात क्षार नसल्याने जळू फुगते आणि मलूल होते.

१० लिटर पाण्याला वीस-पंचवीस जळवा पुरे. रांजण दोनतृतीयांश भरा. तोंडावर मलमल दुहेरी करून सुतळीने आवळून बांधा, कारण रात्री त्या वर चढतात आणि सैल कापडाच्या कडेने हमखास निसटतात. ग्रंथात तळाला तळ्यातला चिखल, बसायला गवत आणि पाणवनस्पतींची पाने, खायला शेवाळ, वाळलेले मांस आणि पाणकंदांचे चूर्ण सांगितले आहे. पाने आणि थोडे शेवाळ जरूर ठेवा, त्यांना लपायला जागा मिळते. मांस नको. औषधी जळू रक्तावर जगते आणि एका पोटभर जेवणावर कित्येक महिने काढते. मांस नुसते कुजते आणि पाणी नासवते. चिखलाबद्दल आमचे मत असे की साठ्याच्या रांजणात तो चालेल, पण येत्या आठवड्यात वापरायच्या जळवा काचेच्या बरणीत स्वच्छ पाण्यात वेगळ्या ठेवाव्यात. चिखलात मेलेली जळू दिसत नाही, आणि एक मेली की पाठोपाठ बाकीच्या जातात.

पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि दर सात दिवसांनी रांजणच बदला. दोन्ही आकडे सुश्रुताचे आहेत आणि दोन्ही पटतात. जळू दर काही दिवसांनी अंगावरची पातळ कात टाकते. ती कात आणि बुळबुळीत स्राव पाण्यात साचला की वास येतो. नवे पाणी जुन्याइतक्याच तापमानाचे असावे. रिकामा रांजण साबणाने धुवायचा नाही. गरम पाण्याने खळबळून कडक उन्हात दिवसभर पालथा घाला, ऊन आपल्याकडे फुकट आहे. अंगावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी पडलेली किंवा पांढरट झालेली जळू त्याच क्षणी बाजूला काढा.

कोणाला लावायची नाही

वाग्भटाने सिरावेधाला सोळाच्या आतले आणि सत्तरीच्या पुढचे वर्ज्य सांगितले आहेत. जळूलाही हीच मर्यादा पाळलेली बरी. गरोदर स्त्री, पंडुरोगी, हिमोफिलियाचा रुग्ण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेला, साखर आटोक्यात नसलेला मधुमेही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारा, आणि पायातल्या धमन्यांचा रक्तपुरवठाच कमी असलेला माणूस, यांना नाही म्हणजे नाही. ॲस्पिरिनबद्दल मुद्दाम विचारा. ‘हृदयाची छोटी गोळी’ असे सांगून लोक मोकळे होतात. गोळी आपल्या मनाने बंद करायला सांगू नका, जळूच रद्द करा. आदल्या दिवशी हिमोग्लोबिन, रक्तस्राव व रक्त गोठण्याचा काळ, साखर, एचआयव्ही आणि कावीळ-बी यांच्या तपासण्या हाताशी हव्यात. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर आधी ते वाढवा.

लावण्याचा दिवस

सुश्रुताने शस्त्राच्या तीन वेळा सांगितल्या आहेत: पावसाळ्यात आभाळ नसताना, उन्हाळ्यात गारव्याच्या वेळी, हेमंतात दुपारी. सोलापुरात याचा अर्थ मार्च ते जूनपर्यंत सकाळी आठच्या आत, आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत बारा-एकच्या सुमारास. गारठलेल्या कातडीवर जळू लवकर लागत नाही. चरकाने रक्तमोक्षणासाठी शरद ऋतू सांगितला आहे, म्हणजे ऑक्टोबर हीटचे दिवस.

रुग्ण उपाशी नको. एकादशी, श्रावणी सोमवार किंवा रोजा असेल तर दुसरा दिवस द्या. दोन तास आधी पेज किंवा मुगाची खिचडी खाऊन यायला सांगा. त्या दिवशी त्या जागेवर साबण, पावडर, अत्तर, बाम, तेल काही नको. तंबाखूचा वास तर जळूला मुळीच चालत नाही. विड्या वळणाऱ्या बायांच्या बोटांना आणि मांडीला तंबाखूची भुकटी बसलेली असते. ती जागा नुसत्या कोमट पाण्याने तीन-चारदा धुवून पुसावी लागते. वैद्याच्या हातालाही हाच नियम. सॅनिटायझर लावून जळू धरली की ती दिवसभर रुसते. ग्रंथात जागा माती व गोवरीच्या चूर्णाने घासून कोरडी करायला सांगितली आहे. आज ते करू नये, धनुर्वाताची भीती आहे. उकळून गार केलेले पाणी आणि निर्जंतुक गॉज पुरे.

जळू रांजणातून काढून चिमूटभर हळद घातलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवा. ती वळवळू लागली की लगेच साध्या पाण्यात सोडा. हळदीत जास्त वेळ राहिली तर तिथेच ओकते आणि दमते. मग हातमोजा घालून ती ओल्या गॉजमध्ये धरा, फक्त तोंड मोकळे ठेवा आणि ते जागेवर टेकवा. बारीक टोक तोंडाचे, रुंद चकती शेपटीची. नवखे हात इथे हमखास उलटापालट करतात. लागत नसेल तर दुधाचा एक थेंब, नाहीतर निर्जंतुक सुईने टोचून रक्ताचा थेंब काढा. दहा मिनिटांत लागली नाही तर दुसरी घ्या. उघड्या दिसणाऱ्या शिरेवर, धमनीच्या ठोक्यावर, पापणीवर, नाकातोंडाजवळ लावू नका. पहिल्या खेपेला एकच, पुढे दोन ते चार.

लागल्याची खूण सुश्रुताने नेमकी टिपली आहे: तोंड घोड्याच्या खुरासारखे पसरते आणि मान कमानीसारखी वर उचलली जाते. यानंतर तिच्यावर ओले पातळ कापड टाका आणि दर दोन-तीन मिनिटांनी पाणी शिंपडत राहा. पंखा थेट तिच्यावर नको, अंग सुकले की ती सोडते. पोटभर प्यायला २० मिनिटांपासून तासभर लागतो. एवढा वेळ कोणीतरी शेजारी बसलेच पाहिजे. जळू सुटून चादरीत गेली तर शोधताना सगळा दवाखाना कामाला लागतो.

सोडवणे, ओकवणे

ग्रंथ म्हणतो की चाव्याच्या जागी टोचणी आणि खाज सुरू झाली की ती शुद्ध रक्त पिते आहे, तेव्हा काढा. सुटत नसेल तर तोंडावर सैंधवाचे चूर्ण टाका. पहिला भाग आजही उपयोगी आहे. मिठाबाबत मात्र सावध राहा. मीठ पडताच जळू जखमेतच ओकते, आणि तिच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू असतात. शक्यतो तिला आपणहून सुटू द्या. घाई असेलच तर हातमोज्यातल्या बोटाने तोंडाची कड हळूच सरकवून चूषण मोडा. चिमट्याने ओढायचे नाही; तिन्ही जबड्यांचे दात आत राहतात.

ओकवण्याची जुनी रीत अशी: तांदळाच्या पिठात घोळवायची, तोंडाला तेल-मीठ लावायचे, डाव्या हाताच्या अंगठ्या-बोटात शेपटी धरायची आणि उजव्या हाताने शेपटीकडून तोंडाकडे हळूहळू निपटायचे. नीट ओकलेली जळू पाण्यात सोडताच खाणे शोधत फिरते. तळाशी निपचित पडली तर ओकणे अपुरे, पुन्हा निपटा. नाहीतर तिला इंद्रमद नावाचा असाध्य रोग होतो. वाग्भट सांगतो की पुढे सात दिवस ती वापरू नये.

आज एकदा वापरलेली जळू दुसऱ्या माणसाला कधीही लावायची नाही. एचआयव्ही आणि कावीळ-बीच्या काळात यात तडजोड नाही. पुन्हा त्याच रुग्णाला लावायची असेल तर वेगळ्या बरणीवर त्याचा नोंदणी क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. बरणी मूळ रांजणाजवळ नको. तशी गरज नसेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये मारून जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका. गटारात किंवा तलावात सोडणे हा नक्कीच मूर्खपणा आहे. रुग्ण म्हणून जाणाऱ्याने दवाखान्यात हाच प्रश्न आधी विचारावा: माझी जळू नवी आहे का, आणि नंतर तिचे काय करता?

पट्टी आणि नंतरचे तीन दिवस

चाव्यावर तीन रेघांची खूण उरते आणि रक्त झिरपत राहते, सहा तास ते एक दिवस. हे लाळेचे काम आहे. रुग्णाला आधी सांगितले नसेल तर रात्री अकराला फोन येतोच. रक्त थांबवायचे चार उपाय सुश्रुताने दिले आहेत: तुरट द्रव्याने जखम सांधणे, गारव्याने गोठवणे, राखेने पचवणे, डागून शीर आखडवणे. आपल्या कामाला पहिले दोन पुरेत. जागा गार उकळलेल्या पाण्याने पुसा, शतधौत घृताचा (शंभर वेळा पाण्याने धुतलेल्या तुपाचा) पातळ लेप द्या, वर जाड गॉज आणि थोडा दाब देऊन पट्टी बांधा. पट्टी ओली झाली तर काढून पाहू नका, वरून आणखी गॉज चढवा. पायाला लावली असेल तर पाय उशीवर. रुग्णाने अर्धा तास आडवे राहावे आणि घरी जाताना दुचाकी स्वतः चालवू नये.

जेवणाचा नियम चरकाचा: फार गरम नाही, फार थंड नाही, हलके आणि भूक वाढवणारे. दोन दिवस मटणाचा रस्सा, शेंगाचटणी आणि मिरचीचा ठेचा बाजूला. ज्वारीची मऊ भाकरी, मुगाचे वरण, ताक चालेल. खाज तीन-चार दिवस राहते, खाजवू नये.

२४ तासांनंतरही पट्टी भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा छातीत धडधड असेल तर वाट न पाहता सिव्हिलला किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि जळू लावली होती हे सांगावे. तिसऱ्या दिवशी जागा पाहायलाच बोलवा. भोवती लाली पसरत असेल, गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल तर तो बहुधा एरोमोनासचा संसर्ग असतो. त्यावर लेप लावत बसू नका, प्रतिजैविक लागते आणि ते त्याच दिवशी सुरू व्हायला हवे. त्या रुग्णाची जळू ज्या रांजणातून काढली होती, त्यातल्या बाकीच्या जळवा पुढचे काम होईपर्यंत कोणालाही लावू नका: पाणी फेका, रांजण उन्हात घाला, जळवा पंधरा दिवस वेगळ्या ठेवून पाहा.